धुरानं डोळे ‘स्मार्ट’ कसे होतात?

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलेला प्रश्न असा आहे. पूरक वाचनाच्या एका गोष्टीत चुलीपुढे बसलेल्या बाईचं वर्णन होतं आणि त्यात वाक्य आलं, ‘द स्मोक मेड हर आइज स्मार्ट’. एका मुलीनं लगेच हात वर केला : “मॅडम, धुरानं डोळे हुशार कसे होतेत?” मॅडमनी शब्दकोश उघडला तर तिथे ‘झोंबणे, चुरचुरणे’ असा अर्थ सापडला. पण झोंबणं कुठे आणि हुशारी कुठे, हे काही जुळेना. त्यात भर म्हणजे पूर्वी एका प्रशिक्षणात त्यांना असं सांगितलं गेलं होतं की ‘स्मार्ट’ हा पाच इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं जोडून तयार झालेला शब्द आहे. तर हे शब्द दोन आहेत की एकच? मूळ अर्थ कोणता? आणि लेकरांना मराठीतून सांगायचं कसं?

मी लातूर आणि बीड जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांमध्ये ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. शब्दांच्या मुळाशी जाण्याची सवय त्याच काळात लागली आणि निवृत्तीनंतरही सुटली नाही. या प्रश्नाचं उत्तर मी जरा लांबवणार आहे, कारण ‘स्मार्ट’ची गोष्ट सांगताना आपल्या मराठीचीही एक गोष्ट सांगावी लागते, आणि माझ्या मते वर्गात तीच जास्त कामाला येते.

आधी सरळ उत्तर. शब्द एकच आहे आणि त्याचा सगळ्यांत जुना अर्थ आहे वेदना. ती वेदनाही एका विशिष्ट जातीची. दाढ ठणकते तशी किंवा कंबर धरते तशी नाही, तर चामडीवर छडी बसल्यावर, ओरखड्याला मीठ लागल्यावर, मिरचीचा हात डोळ्याला लागल्यावर उठते ती. चटकन उठणारी, झोंबणारी, माणसाला जागच्या जागी उडवणारी. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, ‘स्मेओर्तान’ असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ दुखणं, झोंबणं. त्याचंच विशेषण ‘स्मेआर्त’, म्हणजे झोंबणारा, चटका देणारा. हुशारीचा तेव्हा मागमूस नव्हता.

इंग्रजीच्या चुलत बहिणींकडे पाहिलं की याची खात्री पटते. जर्मनमध्ये ‘श्मेर्त्स’ म्हणजे दुखणं. आपल्याकडच्या ज्या मुली नर्सिंगच्या कामासाठी जर्मन शिकतात त्यांना हा शब्द अगदी सुरुवातीच्या धड्यांतच भेटतो, कारण रुग्णाला पहिला प्रश्न ‘कुठे दुखतंय’ हाच विचारायचा असतो. स्वीडिशमध्ये ‘स्मेर्ता’, डॅनिशमध्ये ‘स्मेर्ते’, अर्थ तोच. डचमध्ये तर ‘स्मार्त’ म्हणजे दुःख, आणि डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या गाण्यांना ते लोक ‘स्मार्तलाप’ म्हणतात. एका कुळातल्या या सगळ्या भाषांनी वेदनेचा अर्थ जपला आणि एकट्या इंग्रजीनं तो हुशारीकडे नेला. याच्याही मागे जाऊन काही भाषाशास्त्रज्ञ लॅटिनमधल्या ‘चावणं’ या अर्थाच्या ‘मोर्देरे’शी आणि आपल्या ‘मर्दन’मधल्या धातूशी याचं नातं जोडतात. ते नातं जर्मन-इंग्रजीइतकं पक्कं नाही, म्हणून वर्गात सांगायचंच झालं तर ‘असू शकतं’ एवढंच सांगावं.

हा जुना अर्थ इंग्रजी साहित्यात बराच काळ जिवंत होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनं कँटरबरीच्या यात्रेकरूंची चित्रं रंगवली. त्यांत एक कोमल मनाची मठवासिनी आहे. तिनं पाळलेल्या छोट्या कुत्र्यांपैकी एखाद्याला कुणी काठीनं ‘स्मेर्ते’ मारलं तर ती रडायची, असं तो सांगतो. इथे ‘स्मेर्ते’ म्हणजे झोंबेल असं, सणसणीत. पुढे १६०० च्या सुमाराला शेक्सपिअरचं हॅम्लेट आलं. त्यात भावाचा खून करून गादीवर बसलेला राजा दुसऱ्याचं एक साधं वाक्य ऐकतो आणि मनाशी म्हणतो की या बोलण्यानं माझ्या अंतःकरणावर किती ‘स्मार्ट’ चाबूक ओढला. चाबूक हुशार नसतो, चाबूक झोंबतो. मात्र इथे एक गोष्ट नजरेत भरते : मार अंगावरून उठून मनावर आला आहे आणि झोंबणारी वस्तू काठीऐवजी वाक्य आहे. पुढच्या सगळ्या प्रवासाची वाट इथे दिसते.

१६११ साली छापलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायात एक वचन आहे. परक्या माणसाला जो जामीन राहील तो ‘शॅल स्मार्ट फॉर इट’. माझ्या दहावीच्या वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहून अर्थ विचारायचो. बहुतेक मुलं म्हणायची, “जामीन राहिला की माणूस हुशार होतो.” मागच्या बाकावरून एखादा तरी म्हणायचा, “सर, माझे काका सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिले होते. त्यांच्याकडं वसुली आली.” मग मी म्हणायचो, तुझ्या काकांना जे झालं तेच या वाक्यात लिहिलंय. चटका बसेल, भोगावं लागेल. आपल्या भागात जामीनकीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे हा शब्दही एकदा या वाक्यातून कळला की पुन्हा विसरत नाही.

‘स्मार्ट मनी’ हा शब्दप्रयोग इथेच सांगतो. आज अर्थविषयक बातम्यांत त्याचा अर्थ होतो जाणत्या गुंतवणूकदारांचा पैसा. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘स्मार्ट मनी’ म्हणजे कामगिरीवर जखमी झालेल्या सैनिकाला, खलाशाला दिलेली रक्कम, वेदनेची भरपाई. नुकसानभरपाईचा हा प्रकार जर्मन कायद्यात आजही ‘श्मेर्त्सेन्सगेल्ड’ या नावानं आहे, म्हणजे शब्दशः वेदनेचे पैसे.

आता मुख्य गाठ. झोंबण्यापासून हुशारीपर्यंत शब्द पोचला कसा?

इंग्रजीतल्या नोंदी पाहिल्या की दोन वाटा दिसतात आणि त्या एकमेकींना येऊन मिळतात. पहिली वाट फटक्याची. झोंबणारा फटका हा नेहमी वेगवान असतो; हळू मारलेली छडी झोंबत नाही. त्यामुळे ‘स्मार्ट’ फटका म्हणजे जोरकस आणि चपळ फटका, असा अर्थ साधारण १३०० पासून दिसू लागतो. मग चपळ चाल, चपळ हालचाल, चपळ माणूस. आजही इंग्रजीत ‘अ स्मार्ट पेस’ म्हणजे झपाझप चाल, आणि इंग्लंडमध्ये ‘लुक स्मार्ट!’ असं कुणी ओरडलं तर त्याचा अर्थ ‘चांगला दिस’ असा नसून ‘चल, आटप लवकर’ असा असतो. दुसरी वाट बोलण्याची. झोंबणारं बोलणं हजरजबाबी माणसालाच जमतं. ज्याचं उत्तर समोरच्याला लागतं, त्याचं डोकं चालतं. हातपाय चपळ, जीभ चपळ, त्यामागची बुद्धी चपळ, असं करत सतराव्या शतकात ‘चतुर’ हा अर्थ इंग्रजीत नीट रुळला.

इथवर सांगितलं तरी मुलांना ही वाट परकी वाटते. म्हणतात, इंग्रजांचं काही खरं नाही, दुखण्याला हुशार म्हणतात. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं.

ते वाटणं गेलं ते एका उन्हाळ्यात. सुट्टीत गावी होतो. अंगणात आई वर्षाच्या मसाल्यासाठी मिरच्यांचे देठ खुडत होती आणि माझी पुतणी मदतीला बसली होती. जराशानं पोरगी हात झटकत उठली. आई म्हणाली, “हात चुणचुणायलेत का? तेल लाव.” आणि दहा मिनिटांनी ओसरीवर आलेल्या शेजारणीला त्याच पोरीबद्दल सांगत होती, “लेकरू लई चुणचुणीत हाय बघा, एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई.”

मी तिथेच थबकलो. चुणचुणणं आणि चुणचुणीत! मिरचीनं होते ती चुणचुण आणि चटकन समजणारं लेकरू ते चुणचुणीत. ‘स्मार्ट’ला जे दोन अर्थ आहेत, नेमके तेच दोन अर्थ माझ्या आईच्या तोंडी, एकाच दुपारी, एकाच शब्दकुळातून आले होते. इंग्रजीचा आणि तिचा काही संबंध नव्हता. ती शाळेतही फार गेली नव्हती.

तेव्हापासून मी मराठीत शोधू लागलो, आणि शोधावं तितकं सापडत गेलं. ‘तल्लख’ घ्या. फारसीत ‘तल्ख’ म्हणजे कडू, जहाल. मराठीत तो ‘तलख’ झाला. तंबाखू तलख असतो, आणि मराठवाड्यात चैत्र-वैशाखात जी अंगाची लाही होते ती उन्हाची तलखी. आणि तोच शब्द बुद्धीला लागला की ‘तल्लख बुद्धी’. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमात शिकले. त्या काळात आपल्याकडे शाळेची भाषा उर्दू होती, १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त होईपर्यंत. त्यांच्या तोंडी ‘तल्ख’ हा शब्द मूळ उच्चारासकट होता. चहाची पत्ती जास्त उकळली तर चहा तल्ख, कुणी टोचून बोललं तर ते बोलणं तल्ख. मराठीनं मात्र फारसीतून हा शब्द त्याच्या कितीतरी आधी घेतला होता आणि घेताना त्याला बुद्धीचा अर्थ दिला. कडवटपणातून हुशारी काढली ती आपण.

‘तिखट’ हा शब्द तर संस्कृतातल्या ‘तीक्ष्ण’चंच पोर. एकाच शब्दाचं थोरलं रूप बुद्धीला लागतं, धाकटं रूप भाकरीवरच्या ठेच्याला. आणि ज्याला बारीकसारीक ऐकू येतं तो ‘तिखट कानाचा’. ‘चुरचुरणं’ म्हणजे डोळ्यांची आग, पण ‘चुरचुरीत लेख’ म्हणजे वाचणाऱ्याला खिळवून ठेवणारा, टोकदार लेख. ‘कुशाग्र’ म्हणजे दर्भाच्या पात्याचं टोक. श्राद्धपक्षाला ज्यानं दर्भ उपटले असतील त्याला विचारा, ते बोटाला कसं कापतं. त्या टोकाची धार आपण बुद्धीला दिली. इंग्रजीत पुन्हा ‘शार्प’ आहे, ‘अक्यूट’ आहे. ‘अक्यूट’ म्हणजे लॅटिनमध्ये धार लावलेलं. त्याचं पुढचं अक्षर गळून अठराव्या शतकात ‘क्यूट’ झालं, आणि त्याचाही पहिला अर्थ ‘चलाख’ असाच होता. गोंडस हा अर्थ नंतरचा. मोबाइलवर मांजराच्या पिलाला ‘क्यूट’ म्हणणाऱ्या मुलींना मी हे सांगायचो तेव्हा वर्गात एकदम शांतता व्हायची.

थोडक्यात, जे टोचतं, कापतं, झोंबतं ते पटकन आत शिरतं. बुद्धीही विषयात तशीच शिरते. संस्कृतला हे दिसलं, मराठीला दिसलं, लॅटिनला आणि इंग्रजीलाही दिसलं. म्हणून ‘स्मार्ट’चा प्रवास मला आता मुळीच विचित्र वाटत नाही.

मग मुलीची अडचण कशानं झाली? माझ्या मते ‘हुशार’ या एका शब्दानं. आपण पहिलीपासून ‘स्मार्ट म्हणजे हुशार’ असं घोकून घेतो. ‘हुशार’ हा शब्द चांगला आहे, पण त्याची वाट पूर्ण निराळी आहे. तो फारसी ‘होश्यार’मधून आला, आणि ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान. ज्याला भान आहे तो होश्यार. म्हणूनच आजारी माणूस सावरला की म्हणतो, “आज जरा हुशारी वाटतेय.” म्हणजे अंगात त्राण आलं, मन जागेवर आलं. या शब्दात कुठेही टोक नाही, धार नाही, झोंबणं नाही. ‘स्मार्ट’पुढे ‘हुशार’ ठेवला की वेदनेकडे जाणारा पूलच मोडतो. त्याच जागी ‘चुणचुणीत’ ठेवा, पूल उभा राहतो. मॅडम, तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच : फळ्यावर ‘स्मार्ट’ लिहा आणि खाली ‘चुणचुणीत’ लिहा. मग विचारा, चुणचुणतं केव्हा? पुढचं वर्ग सांगेल.

पोशाखाचा अर्थही विचारला जातो, कारण लग्नाच्या फोटोखाली सगळे ‘स्मार्ट दिसतोय’ असंच लिहितात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजीत नीटनेटक्या, तरतरीत पोशाखाला ‘स्मार्ट’ म्हणू लागले. चपळ माणूस ढगळ नसतो, तो आवरलेला असतो, अशी ती कल्पना. इंग्लंडमध्ये आजही ‘स्मार्ट’ म्हटलं की आधी कपडे आठवतात आणि अमेरिकेत आधी डोकं. आपल्या पाठ्यपुस्तकांची इंग्रजी बरीचशी ब्रिटिश वळणाची आणि आपल्या मोबाइलमधली अमेरिकन वळणाची, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. यालाही मराठीत जोड आहे. ‘कडक’ बघा. कडक ऊन, कडक शिस्त, कडक चहा आणि कडक इस्त्री. आता कुणी झकपक कपडे घालून आला की पोरं म्हणतात, “आज लई कडक दिसायलास.” सोसायला जड ते कडक, आणि नजरेत भरेल तेही कडक. हा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत तयार झाला आहे, त्यासाठी कुठला जुना ग्रंथ उघडायला नको.

आता यंत्रांकडे येतो. फोन, मीटर, टीव्ही, शहर, सगळं ‘स्मार्ट’ झालं ते गेल्या अर्धशतकात. माणसासारखा निर्णय घेतल्याप्रमाणे चालणाऱ्या वस्तूला हे विशेषण लागलं ते आधी शस्त्रांच्या बाबतीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, व्हिएतनाम युद्धात लेझरच्या साह्यानं ठरलेल्या ठिकाणी जाऊन पडणाऱ्या बॉम्बना ‘स्मार्ट बॉम्ब’ म्हणू लागले. पुढे चिप बसवलेलं ‘स्मार्ट कार्ड’ आलं. आयबीएम कंपनीचा ‘सायमन’ हा १९९४ साली विक्रीला आला. फोन, पत्ते, कॅलेंडर, ईमेल असं सगळं एकत्र असलेला तो पहिला स्मार्टफोन मानला जातो, जरी ते नाव रुळलं त्यानंतर. आपल्याकडे केंद्राचं स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झालं. मराठवाड्यातून त्यात एकच शहर आलं, तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तेही २०१६ च्या फेरीत. तिथल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बसवर ‘स्मार्ट’ हा शब्द लिहिलेला असतो. या अर्थानं वस्तूला ‘चुणचुणीत’ म्हणता येणार नाही, चुणचुणीत मीटर म्हटलं तर कुणाला कळणारही नाही. इथे ‘स्मार्ट’ तसाच ठेवावा. मराठी वाचकाला तो आता परका नाही, आणि ओढूनताणून प्रतिशब्द बनवून मुलांवर लादण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

राहिली ती आद्याक्षरांची गोष्ट. प्रशिक्षणात तुम्हाला जे सांगितलं त्याचा उगम बहुधा असा आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात जॉर्ज डोरन यांनी व्यवस्थापनावरच्या एका नियतकालिकात छोटा लेख लिहिला. उद्दिष्ट कसं लिहावं, तर स्पेसिफिक, मेझरेबल, असाइनेबल, रिअलिस्टिक आणि टाइम-रिलेटेड, असे पाच निकष त्यांनी दिले आणि त्यांच्या पहिल्या अक्षरांतून ‘स्मार्ट’ जुळवला. नंतर लोकांनी त्यातले एक-दोन शब्द बदलले, पण साचा तोच राहिला. म्हणजे शब्द आधीचा, हजार वर्षांचा; अक्षरं त्यावर नंतर बसवलेली. अक्षरांतून शब्द जन्मला नाही, शब्द बघून अक्षरं शोधली. संगणकाच्या हार्ड डिस्कची तब्येत सांगणाऱ्या व्यवस्थेचं नावही असंच पाच शब्द जुळवून ‘स्मार्ट’ केलेलं आहे. आणि आपल्या शेतकरी गटांना माहीत असलेला, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचा कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प आहे ना, त्याचंही छोटं नाव ‘स्मार्ट’च, तेही इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून काढलेलं. शब्द लोकांना आवडतो म्हणून योजना त्याच्याभोवती नाव विणतात. यात गैर काही नाही. पण शब्दाचा उगम म्हणून वर्गात हे सांगणं चूक आहे, आणि शिक्षकांनाच ते तसं सांगितलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका प्रशिक्षणातलं चुकीचं वाक्य चाळीस शाळांत जातं.

शब्दाची एक काळी बाजूही आहे, ती मुलांना आवर्जून सांगा, नाहीतर ती चुकीच्या ठिकाणी तोंडघशी पडतील. ‘डोन्ट गेट स्मार्ट विथ मी’ असं कुणी इंग्रजीत म्हणालं तर ते कौतुक नव्हे, दम आहे. झोंबणाऱ्या बोलण्याचा जुना अर्थ तिथे टिकून आहे : माझ्याशी उद्धटपणे बोलू नकोस. आपल्याकडे ‘शहाणा’ शब्दाचं अगदी हेच होतं. ‘शहाणं बाळ’ म्हणताना आवाज मऊ असतो आणि ‘जास्त शहाणपणा करू नको’ म्हणताना हात उगारलेला असतो. ‘स्मार्ट अ‍ॅलेक’ या इंग्रजी शब्दाला तर आपल्याकडे तयार जोडीदार आहे, ‘दीडशहाणा’. कोशात पानभर अर्थ लिहिला तरी इतका नेमका बसणार नाही. आणि ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण सांगितली की वर्गाला ‘स्मार्ट’ची ही छटा वेगळी समजवावी लागत नाही.

शेवटी तुमच्या वर्गातल्या त्या मुलीच्या वाक्याकडे येतो, कारण त्यात व्याकरणाची एक बारकी जागा आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. ‘द स्मोक मेड हर आइज स्मार्ट.’ इंग्रजीत ‘मेड’नंतर विशेषणही येऊ शकतं आणि क्रियापदाचं मूळ रूपही. ‘द न्यूज मेड हर हॅपी’, इथे ‘हॅपी’ विशेषण आहे. ‘द न्यूज मेड हर क्राय’, इथे ‘क्राय’ क्रियापद आहे. दोन्ही वाक्यं बरोबर. ‘स्मार्ट’ हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियापदही, आणि दोन्ही रूपं दिसायला सारखीच. त्यामुळे त्या मुलीनं वाक्याचा जो अर्थ लावला तो व्याकरणाच्या दृष्टीनं चुकीचा नव्हता. तिनं ‘हॅपी’च्या जागी ‘स्मार्ट’ ठेवला. अडलं ते अर्थापाशी, आणि अर्थ अडतोय हे ओळखून तिनं विचारलं. बाकीच्यांनी बहुधा न अडता वाक्य ओलांडलं असेल.

ओळखायची खूण म्हणाल तर सोपी आहे. डोळे, जखम, गाल, तळहात, अपमान यांपैकी काही वाक्यात असेल तर ‘स्मार्ट’ क्रियापद धरून बघा. ‘स्मार्टेड’ किंवा ‘स्मार्टिंग’ असं रूप दिसलं तर शंकाच नको, तिथे काहीतरी झोंबतंय. ‘ही वॉज स्मार्टिंग फ्रॉम द डिफीट’, म्हणजे पराभव त्याला सलत होता, जिव्हारी लागला होता. याचं भाषांतर ‘तो पराभवानं हुशार झाला होता’ असं केलेलं मी उत्तरपत्रिकांत अनेकदा तपासलं आहे आणि दर वेळी गुण कापताना हात अडखळला आहे, कारण चूक त्या लेकराची नव्हती. त्याला आपण शब्दाचं एकच दार दाखवलं होतं.

त्या मुलीला उद्या वर्गात उभं करा आणि तिलाच विचारा की चुलीपुढे बसल्यावर तिची आजी काय म्हणते. ती बहुधा म्हणेल, “डोळे चुणचुणायलेत.” ते वाक्य जसंच्या तसं, ‘चुणचुणायलेत’ हे रूप न सुधारता, फळ्यावर त्या इंग्रजी वाक्याच्या शेजारी लिहा.